माळ्यावर सापडलेले घटिकापात्र आणि वहीतली ३९ मिनिटे

वाशिष्ठीकाठ
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पावसाआधी कौले चाळून घ्यायची म्हणून गेल्या आठवड्यात गुहागरजवळच्या आमच्या घरी होतो. माळा रिकामा करताना तीन वस्तू हाती लागल्या, त्यांच्यासाठी हा धागा.

पहिली, ओंजळीत मावेल एवढी तांब्याची वाटी. तळाशी बारीक भोक. गळकी म्हणून मी ती मोडीच्या ढिगात टाकली होती. आईने पाहिली, लगेच उचलली आणि पदराने पुसली. "घटिकापात्र आहे रे ते. तुझ्या आजोबांच्या लग्नात लावलं होतं."

दुसरी वस्तू ओळखीची. पूर्वी ओटीवर असायचे ते लोलकाचे घड्याळ, अमेरिकन बनावटीचे, तबकडीवर ॲन्सोनिया असे नाव. वीसेक वर्षे बंद आहे.

तिसरी पणजोबांची जमाखर्चाची वही. सगळी मोडी लिपीत. एका परिचितांनी काही पाने वाचून दिली. नारळ, सुपारी, मजुरी असल्या नोंदींच्या मध्ये जानेवारी १९०६ मध्ये एकच ओळ: "घड्याळ ३९ मिनिटे पुढे सारिले. देवाची वेळ जुनी, टपालाची नवी."

३९ मिनिटेच का? घड्याळ मागे पडले असेल तर जुनी वेळ आणि नवी वेळ ही भाषा कशाला? आणि हे पात्र आज लावायचे तर कसे लावायचे? जाणकारांनी सांगावे.

माजघर
सोमवार, रात्री १०.२५

ते पात्र मोडीत गेले नाही हे वाचून हायसे वाटले. आईला माझा नमस्कार सांगा.

माझ्या आतेबहिणीच्या लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, १९६० च्या आसपास, मुरूडला. मोठ्या घंगाळात विहिरीचे गाळलेले पाणी, खाली तांदळाची रास. सूर्याचे अर्धे बिंब वर आले की भटजींनी पात्र पाण्यावर अलगद सोडायचे. भोकातून पाणी आत येत जाते, पात्र जड होते आणि बुडते. बुडताना घंगाळाच्या तळाला लागून खण्णकन वाजते. लगेच ते काढून, निथळून पुन्हा सोडायचे आणि भिंतीवर कुंकवाचे एक बोट उठवायचे. माझ्या दोन चुलतभावांना तिथे पाटावर बसवले होते, उठायची परवानगी नाही. मुहूर्त सूर्योदयापासून बारा घटिका तीस पळे होता. म्हणजे बारा बोटे आणि पुढचे पात्र अर्धे.

एक घटिका म्हणजे २४ मिनिटे. दिवस-रात्र मिळून ६० घटिका, एका घटिकेची ६० पळे, म्हणजे पळ २४ सेकंदांचे. साडेसात घटिकांचा एक प्रहर, असे आठ प्रहर. आपण "घटकाभर टेका", "पळभर थांब" म्हणतो ती मोजमापेच आहेत. "त्याची घटका भरली" हा तर सरळ ह्या पात्रावरूनच आलेला शब्दप्रयोग. घड्याळ हा शब्दही घटिकेच्याच घरातला.

कोकणात ह्यात एक अडचण असायची. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळताना स्वच्छ दिसतो, पण उगवताना सह्याद्रीआडून येतो. डोंगर जवळ असेल तर बिंब दिसेपर्यंत पाच-दहा मिनिटे गेलेली असतात. आमचे भटजी म्हणून बिंबाची वाट न बघता पूर्वेच्या रंगावरून ठरवायचे.

लोलक
मंगळवार, सकाळी ७.१०

पात्राच्या भोकात सुई किंवा तार अजिबात घालू नका! सगळे गणित त्या भोकात आहे. हिरवा कळंक चढला असेल तर चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवा आणि नुसत्या पाण्याने धुवा. भोक केसभर रुंदावले तरी घटिका कायमची लहान होते.

ह्या साध्या वाटीत एक हुशारी आहे. हंड्याच्या तळाला भोक पाडून पाणी गळू दिले, तर हंडा रिकामा होतो तशी धार मंदावते. पहिला पाव भाग झरझर, शेवटचा रेंगाळत. तरंगणाऱ्या पात्राचे तसे नाही. बाहेरचे पाणी आतल्या पाण्यापेक्षा किती वर राहील हे पात्राच्या वजनावर ठरते. सरळ भिंतीच्या भांड्यात तर हा फरक बुडेपर्यंत तेवढाच राहतो, त्यामुळे पाणी एकसारख्या वेगाने आत येते. तुमचे पात्र गोलसर असल्याने वेग थोडा बदलेल, पण मोजायचे असते ते अख्खे बुडणे, त्यामुळे बिघडत नाही.

जुन्या ज्योतिषग्रंथांत पात्राचे माप दिलेले आहे: दहा पळे (हे पळ वेळेचे नव्हे, वजनाचे) तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे तोंड, आणि भोकासाठी ठरलेल्या वजनाची चार अंगुळे लांब सोन्याची सुई. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी हे बाजूला ठेवले. त्यांचे म्हणणे असे की पात्र कसलेही घ्या, अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि साठ घटिकांना त्या संख्येने भागा, एका बुडण्याचे माप मिळते. मी यंत्रांची कामे करतो, मला हा विचार फार मोठा वाटतो. माप वस्तूच्या आकारात शोधायचे नाही, वापरून पडताळायचे.

भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या पात्रात मोती पडून भोक बुजले आणि तिचा मुहूर्त टळला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती' ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून आली, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. खरी असो-नसो, भोकात कचरा अडकणे हा ह्या यंत्राचा खराच रोग होता.

घड्याळाबद्दल सवडीने लिहितो.

पंचांगी
मंगळवार, दुपारी २.०५

३९ मिनिटांचे उत्तर मी देतो. वाशिष्ठीकाठ, तुमच्या पणजोबांनी एका ओळीत फार मोठी गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात प्रमाणवेळ लागू झाली. ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. त्याआधी प्रत्येक मोठ्या शहराची आपली वेळ होती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. साडेपाचातून वजा करा: ३९ मिनिटे.

मुंबईची वेळ ठरायची कुलाब्याच्या वेधशाळेतून. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती उभी केली, त्यात बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देणे हा मोठा हेतू होता. (हीच वेधशाळा पुढे चुंबकीय नोंदींसाठी प्रसिद्ध झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या सुया बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले. अलिबागची ती वेधशाळा आजही आहे, कोणी गेलात तर बाहेरून तरी नक्की बघा.)

रेल्वे आणि तारायंत्र मात्र मद्रासच्या वेळेवर चालायचे. म्हणजे गाडी स्टेशनातल्या घड्याळाने सुटायची आणि प्रवासी गावातल्या घड्याळाने यायचा. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली, लोकांनी ती चालू दिली नाही. १९०६ मध्येही मोठा विरोध झाला. गिरणीकामगारांच्या दृष्टीने तर घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकणे म्हणजे अंधारातच कामावर हजर होणे होते. सरकारी कचेऱ्यांनी नवी वेळ घेतली, पण मुंबईच्या महापालिकेने जुनी वेळ सोडली नाही. ती थेट १९५५ पर्यंत टिकली. शहरात कोणी वेळ सांगितली तर "बाँबे टाइम की स्टँडर्ड?" असे विचारायला लागायचे.

"देवाची वेळ जुनी, टपालाची नवी" ह्याचा अर्थ आता लागेल. टपाल कचेरी सरकारी, तिने नवी वेळ घेतली. संध्येला, पूजेला सूर्य लागतो, म्हणून ती जुन्या वेळेने.

ह्या विषयावर लिहिताना शंकर बाळकृष्ण दीक्षितांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८५३ चा जन्म, दापोली तालुक्यातल्या मुरूडचे (माजघरताई, तुम्ही म्हणता तेच ना?). भारतीय ज्योतिषाचा सगळा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला, तो १८९६ मध्ये छापून आला आणि दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीत, ते गेले. कोकणातल्या शाळांमध्ये मुलांना हे नाव माहीत असायला हवे.

माजघर
मंगळवार, दुपारी ३.३०

होय, तेच मुरूड. त्यांचे नाव आमच्या लहानपणी घरात आदराने घेतले जायचे.

निवळशंख
मंगळवार, सायंकाळी ६.५०

वाचतेय. सुंदर धागा! एक शंका: गुहागरच्या घरात मुंबईची वेळ कशाला ठेवतील? गावात सूर्य आहे, सावली आहे. अंगणात काठी रोवली की झाले.

तांबडफुटी
मंगळवार, रात्री ८.१५

निवळशंख, चांगला प्रश्न. आकडे मांडून बघू.

पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. गुहागर साधारण ७३.२ अंश पूर्वेला. ८२.५ मधून वजा केले की ९.३ अंश, म्हणजे ३७ मिनिटे. मुंबई ७२.८, तिथे ९.७ अंश, म्हणजे ३९. घड्याळ गावच्या वेळेवर असते तर पणजोबांनी ३७ लिहिले असते. त्या दोन मिनिटांवरून मी म्हणेन की वेळ मुंबईची होती.

पंचांगी
मंगळवार, रात्री ९.००

तांबडफुटी, इथे घाई होतेय. ३७ ही वर्षाची सरासरी. काठीची सावली सरासरीने चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे खरा मध्यान्ह पुढे-मागे होतो: फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटे उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटे लवकर. गुहागरला प्रमाणवेळेने मध्यान्ह फेब्रुवारीत १२.५१ च्या सुमारास आणि नोव्हेंबरात १२.२१ च्या सुमारास. १ जानेवारीला सूर्य ३ मिनिटे मागे असतो, म्हणजे सावलीवर लावलेल्या घड्याळाला ४० मिनिटांचा फरक आला असता. ३९ आणि ४० मध्ये ओटीवरचे घड्याळ फरक दाखवत नाही. तुमचा निष्कर्ष बरोबर असेलही, पण एवढ्या पुराव्यावर नाही.

तांबडफुटी
मंगळवार, रात्री ९.२०

मान्य. वहीत आणखी काही मिळाले तरच ठरेल. वाशिष्ठीकाठ, पुढची-मागची पाने वाचून घ्या ना.

वाशिष्ठीकाठ
गुरुवार, रात्री १०.१०

मिळाले! मोडी वाचणाऱ्या काकांना काल आग्रहाने बोलावले. घड्याळ घेतले त्या वर्षीच्या पानावर आहे: "दाभोळास बोट लागली, बोटीवरील घड्याळाबरहुकूम मिळविले." पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी "बोटीची वेळ घेतली" अशी नोंद येते. मुंबईहून बोट यायची, तीच वेळ घेऊन यायची. तांबडफुटी, तुमचा अंदाज खरा ठरला. पंचांगीकाका, तुमच्या शंकेमुळे ही पाने उघडली, नाहीतर मी थांबलोच होतो.

अजून एक. वही पुढे आजोबांनी चालवली आहे, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत. त्यात सप्टेंबर १९४२: "घड्याळ १ तास पुढे." ऑक्टोबर १९४५: "१ तास मागे." हे काय?

पंचांगी
गुरुवार, रात्री १०.४०

युद्धाची वेळ. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सगळ्या देशाची घड्याळे तासभर पुढे होती. गुहागरला त्या काळात सूर्य डोक्यावर यायचा दीड वाजून गेल्यावर. तुमच्या आजोबांना जेवायला बोलावताना आजीने कोणती वेळ पाहिली असेल!

सुकती
शुक्रवार, दुपारी १२.२०

तुम्ही सगळे सूर्याचे घड्याळ घेऊन बसलात. किनाऱ्यावरच्या निम्म्या लोकांचे घड्याळ समुद्र होता, त्याबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. आम्ही मालवणचे, होडीवाले.

माझो आजो म्हणायचो, "तिथीची पावणी कर, भरतीचो टायम गावतलो." तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. चतुर्थी: चाराची पाऊणपट तीन, भरती तीन वाजता. अष्टमी: सहा. एकादशी: सव्वाआठ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दुसरी भरती साडेबारा तासांच्या आत-बाहेर. त्याने शाळा पाहिली नव्हती, पण पंचांग लागत नसे. रात्री चंद्र बघून तिथी सांगायचा आणि सकाळी होडी किती वाजता लोटायची ते ठरायचे.

हे का जमते? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून भरती येते. पाऊणपटीच्या नियमात रोज ४८ मिनिटे पडतात. आणि वर माजघरताईंनी सांगितलेले माप लावून बघा, ४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटिका! भरती रोज दोन घटिका पुढे सरकते. हे मला ह्या धाग्यामुळे पहिल्यांदा कळले, सकाळपासून तेच डोक्यात आहे.

पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी चढते खूप आणि उतरतेही खूप, म्हणून खडकांवरची कालवे (शिंपले) काढायला उधाणाची सुकती चांगली. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, मालवणला आधी, मुंबईला नंतर, आणि जशी उत्तरेला जाते तसे चढ-उताराचे अंतरही वाढते. नियम ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. होडीला तेवढे पुरते.

वाशिष्ठीकाठ
शुक्रवार, रात्री ९.३०

सुकतीदादा, हा नियम जुन्या वेळेचा की नव्या? पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते.

सुकती
शुक्रवार, रात्री १०.०५

आजोबांकडे घड्याळच नव्हते. त्यांचे बारा म्हणजे सूर्य डोक्यावर. तेव्हा माझा तर्क असा की नियम सूर्याच्या वेळेचा असणार, आजच्या घड्याळासाठी त्यात तुमची ३७ मिनिटे मिळवायची. सव्वाअकराचे बारा वाजायला आठ कमी. येत्या पुनवेला खाडीच्या तोंडाशी उभे राहून बघा आणि इथे सांगा.

आंबाखोरे
शनिवार, सकाळी ११.१५

थोडे वेगळे. वेळ ऐकू येणे ही पूर्वी मोठी गोष्ट होती, घड्याळ एखाद्याकडेच असायचे. प्रहराला देवळातला चौघडा, सरकारी खजिन्याजवळ तासातासाला पहारेकऱ्याने दिलेले टोल. पहारा हा शब्द प्रहरावरूनच आला. बाबराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की हिंदुस्थानात घटिकापात्र बुडले की जाड काशाच्या थाळीवर टोले देतात, पण रात्री जाग आली तर किती घटिका झाल्या ते कळते आणि प्रहर कुठला ते कळत नाही. म्हणून त्याने घटिकेच्या टोल्यांनंतर थोडे थांबून प्रहराचे टोलेही द्यायला लावले.

आमच्या पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात मोठी युरोपी घंटा आहे, १७३९ मध्ये वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी आणलेल्यांपैकी एक म्हणून ती ओळखली जाते. चर्चच्या मनोऱ्यावर ती प्रार्थनेच्या वेळा सांगायची, आता आरतीची सांगते. लहानपणी मी तिच्या आवाजावर शाळेला निघायचो.

लोलक
शनिवार, रात्री ९.५०

आता घड्याळ. आधी कळकळीची विनंती, ते कुठल्याही दुकानात देऊन मोकळे होऊ नका. माझ्या मामांचे असेच घड्याळ शहरातल्या एका दुकानदाराने "दुरुस्त" करून दिले. घरी आणून उघडले तर आतले पितळी यंत्र गायब आणि जागी सेलचे खोके. लोलक नुसता शोभेला हलत होता. मामा त्या रात्री जेवले नाहीत. यंत्र परत मिळाले नाही.

सेलच्या यंत्राला मी कमी लेखत नाही. त्यातला गारगोटीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, तोच सेकंद. १९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोने गारगोटीच्या स्फटिकाचे पहिले मनगटी घड्याळ विकायला काढले आणि दहा-पंधरा वर्षांत चावीची घड्याळे मागे पडली. पण एकाची जागा दुसऱ्याने न सांगता घ्यायची नसते.

कोकणात ह्या घड्याळांचे दोन शत्रू: खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल. कमान (स्प्रिंग) गंजते आणि चावी देताना तुटते, हाताला लागू शकते, म्हणून आत्ता चावी देऊ नका. आधी मागचे झाकण काढून कमानीचा फोटो मला पाठवा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल ओतू नका, ते चिकटून धूळ धरते. घड्याळाचे तेल वेगळे मिळते, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच.

भिंत ओळंब्यात नसेल तर टिकटिक लंगडी येते, एक टिक लांब, एक आखूड. कान देऊन पेटी डावी-उजवी सरकवा, दोन्ही सारख्या झाल्या की थांबा. वेग लोलकाच्या लांबीवर. १६५६ मध्ये हायगेन्सने लोलक घड्याळाला जोडला तेव्हापासून हेच. सेकंदाचा लोलक ९९ सेंटिमीटरांचा लागतो, ओटीवरच्या घड्याळात अर्ध्या सेकंदाचा, २५ सेंटिमीटरांच्या आसपास. एवढ्या लोलकात एक मिलिमीटर फरक पडला की दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक. खालचा नट वर घेतला की घड्याळ पळते, खाली सोडला की रेंगाळते. उन्हाळ्यात दांडी तापून लांबते, पोलादी असेल तर दहा अंशांना दिवसाचे पाच सेकंद. तेवढे चालायचेच.

वाशिष्ठीकाठ
पौर्णिमेनंतरचा मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. हिशेब देतो.

घटिकापात्र कळंकलेले होते तसेच लावले तेव्हा बुडायला ३१ मिनिटे लागली. दोन रात्री चिंचेच्या कोळात ठेवले, सुई लावली नाही. नंतर २४ मिनिटे ४० सेकंद. सकाळच्या गार पाण्यात एवढी, दुपारी उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात २४ मिनिटे १०. शंभर वर्षांहून जुन्या वाटीची चूक अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर! आई घंगाळाशेजारी पाट घेऊन बसली होती. मी मोबाइलवर वेळ बघत होतो, तिने भिंतीवर कुंकवाची पाच बोटे उठवली. ती पुसणार नाही असे तिने सांगून टाकले आहे.

पौर्णिमेला दाभोळला गेलो. काठावरच्या दगडाला खडूने खुणा करत बसलो होतो. पाणी चढायचे थांबले ११.३५ ला. सुकतीदादा, नुसत्या नियमाने सव्वाअकरा, ३७ मिनिटे मिळवून ११.५२, आणि पाणी मधोमध. इथे मालवणनंतर पण मुंबईच्या आधी भरती येते, त्यामुळे असेल. अमावास्येला पुन्हा बघतो.

घड्याळ चालू झाले. कमान शाबूत होती, लोलकदादांनी फोटो पाहून सांगितले तसे साफ केले. ओटीवर जुन्या खिळ्यालाच टांगले आणि मोबाइलपेक्षा ३९ मिनिटे मागे लावले. आता भर दुपारी बारा वाजतात तेव्हा अंगणातल्या माडाची सावली खरोखर बुंध्याशी असते. दिवसाला दीड मिनिट मागे पडतेय. लोलकदादा, नट अर्धा फेरा वर घेऊ ना?

लोलक
मंगळवार, रात्री ८.५५

अर्धाच घ्या. आणि दोन दिवस हात लावू नका.